पन्नास पावलांवरचं माहेर

हौसाक्कांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते मागून. लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आले, त्याला चारच दिवस झाले होते. देवीचं दर्शन घेऊन परत येत होते, तर पाठीमागून खणखणीत आवाज आला, "ए नव्या सूनबाई, थांबू नको. चालत ऱ्हा. वळू नको." मी घाबरून तशीच चालत राहिले. दहा-बारा पावलं झाल्यावर "हां, बास. आता वळ," असा हुकूम झाला. वळून बघते तर लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात दुधाची किटली आणि काखेत वैरणीची पेंढी घेतलेली एक उंच, काटक बाई. "चाल चांगली हाय," त्या म्हणाल्या. "डावा पाय जरा फाकतोय, पण चालतंय." आणि मला ओलांडून निघून गेल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी धड बघितलंही नव्हतं.

नंतर कळलं की यात माझा काही खास सन्मान नव्हता. हौसाक्का सगळ्यांनाच आधी मागून बघत. म्हैस विकत घ्यायला गेल्या तरी, गल्लीत कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले तरी. एकदा मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं होतं. बिचारा कार्यकर्त्यांसकट गेला आणि आला. "पावणं, टाच घासताय तुम्ही," आक्का म्हणाल्या, "पाच वर्सं न्हाय टिकायचा." का असं करता, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "आगं, तोंडाचं काय, पावडर लावली की झालं. चालीला पावडर लावता येत न्हाय."

त्यांचं घर आमच्या दारासमोर तिरकं, मोजून पन्नास पावलांवर. पुढं दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्यात तीन म्हशी. पेठेत आता घरोघरी चारचाकी आली असली तरी म्हशी ठेवणारी चार-दोन घरं अजून आहेत, त्यातलं हे एक. वय पासष्टच्या पुढं, राहणार एकट्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही स्वतःला 'आलो', 'गेलो', 'करतो' म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते अगदी शोभायचं. सकाळ-संध्याकाळ धार काढून त्या दारोदार दूध घालत. दूध घालता घालता घराघरात काय चाललंय ते ऐकत आणि न विचारता त्यावर निकालही देऊन टाकत. आक्का जाऊन आता वर्ष होईल, पण सकाळी सातला गल्ली अजूनही जरा दबकूनच बोलते.

मला दिवस गेले ते त्यांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं. अर्थात चालीवरून. "पाय बदलला की गं तुझा," भर गल्लीत म्हणाल्या. माझ्या सासूबाई आणि नवरा दोघंही दारात उभे होते. बातमी द्यायचा माझा बेत होता तो तिथंच संपला.

आनंद झाला तसा थोड्याच दिवसांत घोळही झाला. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं माहेर हुपरीचं. घरातच चांदीकाम, पुढच्या खोलीत पैंजण घडवायचे, मागच्या खोलीत भट्टी. आई मी बारावीत असताना गेली. मागं वडील आणि धाकटा भाऊ, दोघंही पैंजणाला घुंगरू इतकं नाजूक बसवतील, पण कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा ते त्यांना आजही ठाऊक नाही. वडील एक दिवस आले, खाली मान घालून बसले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आमच्यात बाईमाणूस न्हाय. कसं करायचं?" सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्ती मनानं चांगल्या, पण नातेवाईक काय म्हणतील याची त्यांना फार धास्ती.

आणि मी? मला रीतीचं काही पडलं नव्हतं. मला नुसती भीती वाटत होती. रोज फोनवर मी बायकांचे बाळंतपणाचे अनुभव वाचायची, व्हिडिओ बघायची, आणि जितकं बघेन तितकी जास्त घाबरायची. वाटायचं, आपल्याला हे जमायचं नाही. आणि त्याहून जास्त वाटायचं ते हे, की त्या खोलीत आपल्या बाजूचं असं एकही माणूस नसणार. आई असती तर, एवढ्यावर रोजचा विचार येऊन थांबायचा. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

वडील मान खाली घालून बसलेले असताना हौसाक्का दारात दूध मापून घालत होत्या. त्यांनी माप किटलीत परत टाकलं आणि उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "त्यात काय एवढं तोंड पाडायचं? पन्नास पावलांवर माहेर हाय की हिचं. मी न्हेतो."

आत्तींनी सावध आवाजात विचारलं, "पण हौसाक्का, तुम्हाला ह्यातलं काय म्हाईत?"

"काय म्हाईत म्हंजे? चाळीस वर्सं हेच करतोय की मी. एकबी दगावली न्हाय."

"अवो, म्हशी त्या."

"मग? म्हशीला कळा येत न्हाईत व्हय? तिला तर बोंबलायला तोंडबी न्हाय." मग जरा नरमून म्हणाल्या, "बाळंतपण मी करणार न्हाय, बाई. त्ये डॉक्टरीणबाई करतील. म्हशीलाबी मी डॉक्टर बोलावतो, हिला न्हाय व्हय बोलवायचा? मी नुसतं माहेर करतो."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ती विचारात पडल्या. तेवढ्यात आक्का घरात आल्या, बसल्या, चहा बशीत ओतला आणि एक अट घातली. "न्यायला कवा येणार, त्ये आत्ताच सांगा."

"समोर तर घर हाय," आत्ती म्हणाल्या. "कधीबी यू की."

"कधीबी न्हाय चालायचं. तारीख पायजे."

"अजून बाळंत व्हायचीया, हौसाक्का! तारीख कुठनं सांगू?"

बरीच घासाघीस झाली आणि ठरलं की बाळ झाल्यापासून चाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या आत. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. माझा नवरा विक्रम शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे, रोज दहा कागदांवर सही करतो. त्याला त्यांनी गोठ्यावर नेलं, हातात खडू दिला आणि गोठ्याच्या दारावर, म्हशी कधी व्यायला झाल्या ते लिहून ठेवलेलं होतं त्याच्या खाली, हे वाक्य लिहून सही करायला लावली. तो हसत हसत घरी आला. आक्कांचं डोकं जरा सरकलेलं आहे, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत झालं.

सातव्या महिन्यात ओटी भरून मला 'माहेरी' धाडलं. मी पिशवी घेऊन पायीच निघणार होते, तर दारात रिक्षा उभी. आत हौसाक्का, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. "आक्का, पन्नास पावलांना रिक्षा?" मी म्हटलं. "बस गप," त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "रंकाळ्याला वळसा घालून चल." मला हसू आवरेना. त्या मात्र गंभीर होत्या. "माहेरला जाताना वाट लागाय पायजे. घर मागं पडल्याबिगार माहेर यायचं कसं?" आम्ही रंकाळ्याला गेलो, तळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली, पाण्याकडे बघितलं, पुन्हा रिक्षात बसलो आणि अर्ध्या तासानं आमच्याच गल्लीत, आमच्याच दारासमोरून जाऊन त्यांच्या दारात उतरलो. आत्ती अजून ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी लाजत हात हलवला. मीही हलवला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला खरंच कुठूनतरी लांबून आल्यासारखं वाटलं.

त्या माहेरात मी एकटीच गर्भार नव्हते. गोठ्यात चिमणी नावाची तरणी म्हैस होती, तिचंही पहिलंच वेत. पहिल्यांदा व्यायला झालेलीला पहिलारू म्हणतात, हे मला तिथं समजलं, कारण आक्का आम्हा दोघींना त्याच नावानं हाक मारत. दोघींना एकदमच 'ए पहिलारू' म्हटलं की दोघीही मान वर करायचो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या दिवसांना निळी खूण, माझ्या दिवसांना तांबडी. "हिला दहा म्हयनं लागत्यात," आक्का सांगायच्या, "तुला नऊच. एक म्हयना सूट हाय तुला, तरी रडतीयास."

माझ्या फोनचा बंदोबस्त त्यांनी पहिल्याच दिवशी केला. दुपारी व्हिडिओ बघून मी डोळे पुसत बसले होते. त्यांनी फोन हातातून काढून घेतला आणि सरळ सरकी पेंडेच्या पोत्यात खुपसला. "त्या फोनातल्या बायका सुटल्या, पोरं शाळंत गेली त्यांची. आता तू कशापायी त्यांच्या कळा सोसतीयास?" रोज बारा ते पाच फोन पोत्यात, असा नियमच झाला. अजूनही त्या फोनच्या फटीतून पेंडेचा वास येतो. आत्तींनी पोटातल्या बाळासाठी मंत्रांचा एक छोटा स्पीकर दिला होता. तो आक्कांनी चिमणीच्या दावणीपाशी टांगला. "तुझ्या पोटातल्याला झोपू दे. हिला ऐकू दे, हिला दुसरं काम न्हाय."

आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला धार काढायला बसवलं. डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या होत्या, पाटावर बसायला हरकत नाही म्हणून. जुनी, शांत म्हैस निवडली. मी बसले, सड धरला, ओढला, दुधाचा थेंब नाही. "श्वास धरलायस तू," त्या मागून म्हणाल्या. "तू भ्यालीयास त्ये तिला कळालं. आता ती पान्हा चोरणार." मी पुन्हा ओढला. "आगं, ओढताना सोड की श्वास. लांब. तोंडानं. हां... आनि आता दुसरा सड." आठ दिवस म्हशीनं मला दाद दिली नाही. नवव्या दिवशी चरवीत सुर्र करून धार पडली, आणि मी इतकी खूष झाले की श्वास परत धरला. धार थांबली. आक्का पोट धरून हसल्या.

पुढं ते अंगवळणी पडलं. ओढायचं, लांब श्वास सोडायचा, हात बदलायचा. रोज अर्धा तास. याचा बाळंतपणाशी काय संबंध, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच लक्षात यायचं की त्या अर्ध्या तासात मला भीती वाटत नाही.

विक्रमची शिकवणीही त्यांनी घेतली. एका रविवारी दुपारी चिमणी व्यायला लागली, तर आक्कांनी त्याला निरोप पाठवला, "बाप हुणार हाईस न्हवं? बघाय ये." माझा नवरा सकाळी तालमीत जाणारा गडी, शंभर जोर मारतो. तो आला, हाताची घडी घालून ऐटीत उभा राहिला. रेडकाचे पुढचे दोन खूर दिसले तेव्हा त्यानं घडी सोडली. नाकाडं दिसलं तेव्हा भिंतीला टेकला. आणि मग एकदम वैरणीच्या ढिगावर आडवा झाला. आक्कांनी मान वळवून फक्त एवढंच बघितलं की डोकं दगडावर तर नाही ना. "गवतावर पडलाय," त्या म्हणाल्या. "राहू दे. ह्याला आत न्यायचा न्हाय."

मी मात्र त्या दुपारी चिमणीकडं कमी आणि आक्कांकडं जास्त बघत होते. मला वाटलं होतं त्या धावपळ करतील, ओढतील, ओरडतील. त्या तसलं काही करत नव्हत्या. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून ठेवला होता, गरम पाणी आणि पोती तयार होती, आणि त्या चिमणीच्या डोक्यापाशी मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. गल्लीतून कुणी डोकावलं की डोळ्यांनीच हाकलत होत्या. चिमणी कण्हली की "व्हय गं बाई, व्हय," एवढंच. तासाभरात रेडी झाली, म्हणजे मादी रेडकू. ती धडपडत उभी राहिली तेव्हा आक्का मला म्हणाल्या, "बघितलंस? आपलं काम एकच. जवळ बसायचं आनि हात आवरायचं."

"माझ्याजवळ बसाल?" मी विचारलं. इतके महिने गिळलेलं वाक्य तोंडातून गेलं. "दवाखान्यात एका बाईमाणसाला आत येऊ देतात. आत्तींचा जीव घाबरतो. मला तिथं एकटं वाटेल, आक्का."

त्यांनी आधी हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाल्या, "बसतो." पण त्यात नेहमीचा खणखणीतपणा नव्हता, आणि मला ते जरा खटकलं.

त्याचा उलगडा आत्तींनी केला. त्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, पन्नास पावलं चालून आल्यावर "दमले बाई" म्हणायच्या. त्या दिवशी आक्का वैरण आणायला गेल्या होत्या. मी सहज म्हटलं, "त्या तारखेचं काय खूळ आहे हो त्यांचं?" आत्तींनी आधी दाराकडं बघितलं.

"हौसाक्काचं लगीन झालतं, बाई. इचलकरंजीला दिलती. पहिलं बाळंतपण म्हणून ह्याच घरात आलती ती. दोन दिवस अडली. लेकरू गेलं. मग न्यायला यायचं की नवऱ्यानं? न्हाय आला. ट्रंक भरून ह्या ओट्यावर बसायची ती. टांगा वाजला की उठायची. वरीसभर." आत्तींनी डब्याचं झाकण लावलं. "मग कळालं त्येनं दुसरी केली. तवा हिच्या बापानं हिला एक रेडी आणून दिली. ही सांभाळ म्हणाला. तवापासनं हितंच हाय."

मी गोठ्याच्या दाराकडं बघितलं. विक्रमची सही खडूनं ठळक दिसत होती. मला फार वाईट वाटलं, आणि आम्ही हसलो होतो याची लाजही वाटली. आक्का वैरण घेऊन आल्या, माझं तोंड बघितलं, आत्तींचं बघितलं आणि म्हणाल्या, "सांगितलंस व्हय सगळं? बरं झालं. माझा वेळ वाचला." आणि चिमणीला वैरण घालायला लागल्या.

मला कळा सुरू झाल्या त्या सकाळच्या धारेच्या वेळी. चरवी निम्मी भरली होती. आक्कांनी चरवी बाजूला केली, म्हशीच्या पाठीवर थाप मारून "तुझं नंतर," म्हणाल्या आणि पिशवी उचलली. पिशवी त्यांनी महिन्याआधीच भरली होती. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या यादीप्रमाणे सगळं, शिवाय त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, गुळाचा खडा आणि कशासाठी कोण जाणे, एक छोटी घंटी. "चिमणीच्या गळ्यातली हाय. तिची पहिली सुटका झाली की."

दुपारी दोनला मला आतल्या खोलीत नेलं. नर्सनं आक्कांना हिरवा झगा आणि टोपी दिली. नऊवारीवर तो झगा घालून त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. चौकटीला हात लावून नुसत्या उभ्या. आतला पलंग, दिवा, चकाकणारी हत्यारं, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. उमेदवाराला चालवणारी बाई, आणि तिचं पाऊल उंबऱ्यावरून उचलत नव्हतं. मला कळत होतं ती आत्ता कुठल्या खोलीत उभी आहे. पण तेवढ्यात मला मोठी कळ आली आणि दयामाया करायला सवड राहिली नाही. मी ओरडले, "आक्का! माझी चाल बघून झाली की! आता तोंड बघायला या!"

नर्स दचकली. आक्का हसल्या. आणि आत आल्या.

"कोण तुम्ही? आई का सासू?" नर्सनं विचारलं.

"माहेरची," त्या म्हणाल्या आणि माझ्या उशाशी बसल्या, दोन्ही हात मांडीवर.

पुढचे तीन तास मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. विक्रमबद्दल बरंच काही बोलले म्हणतात. मला एवढं आठवतं की कळ आली की श्वास अडकायचा, आणि उशाशी आवाज यायचा, "पान्हा चोरू नको. सोड." मग मी डोळे मिटायची, दोन्ही मुठी पुढं धरायची आणि ओढायची. लांब श्वास सोडायचा. हात बदलायचा. नर्स म्हणाली, "ताई, हे काय करताय हवेत?" मी म्हटलं, "धार काढतेय." तिला वाटलं मला भ्रम झाला. तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मिनिटभर बघितलं, म्हणाल्या, "काढू दे. छान काढतेय." भीती गेली होती असं नाही. पण ती माझ्या आणि त्या आवाजाच्या मधे कुठंतरी बसली होती, माझ्या छातीवर नाही. आक्कांनी मला एकदाही हात लावला नाही. शेवटी मीच त्यांचे दोन्ही अंगठे धरले आणि तेच ओढत राहिले. नंतर आठ दिवस त्यांना किटलीचं झाकण उघडता येत नव्हतं.

पाच वाजून काही मिनिटांनी मुलगी झाली. रडली. आक्कांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंड मी कधी न पाहिलेलं झालं. मग त्या उठल्या, दार उघडलं आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाहेर ओरडल्या, "रेडी झाली! रेडी! पहिलारू झकास हाय!" आणि घंटी वाजवली. नर्स खूप चिडली. बाहेर विक्रम बाकावर बसलेला होता, म्हणून पडला नाही.

चाळीस दिवस मी त्या घरात होते. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं झालं. मुलीला त्या रोज पालथी निजवून मागून बघायच्या. चाळिसावा दिवस जवळ आला तशा मात्र आक्का चिडचिड्या झाल्या. एकोणचाळिसाव्या दिवशी त्यांनी गोठ्याचं दार दोनदा पुसायला घेतलं आणि ती ओळ ठेवून बाकीचं पुसलं. त्या दिवशी संध्याकाळी मी विक्रमला फोन केला आणि म्हटलं, "एक मिनिट जरी उशीर केलास ना, तर मी येणारच नाही."

दुसऱ्या दिवशी साडेनवालाच गल्लीत हॉर्न वाजला. दोन रिक्षा. एकीत विक्रम, फेटा बांधून, आणि आत्ती शालू नेसून. दुसरीत हुपरीहून आलेले माझे वडील आणि भाऊ, बाळाचे वाळे घेऊन. पन्नास पावलांवरून आलेली ही मंडळी घामाघूम झाली होती, कारण विक्रम सगळ्यांना घेऊन रंकाळ्याला वळसा घालून आला होता. आक्का ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी रिक्षा बघितल्या, आत जाऊन घड्याळ बघितलं, परत बाहेर आल्या. "लवकर आलासा," एवढंच म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढं माझी मुलगी तीन वर्षांची असताना आक्का गोठ्यात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. म्हशींची धार मी काढायची, हे न बोलताच ठरलं. रोज दूध घेऊन गेले की आक्का विचारायच्या, "चोरती का पान्हा?" नाही म्हटलं की "मग तू भीत न्हाईस आता," म्हणायच्या. एक दिवस निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. आवाजात थट्टा होती, पण हात सुटत नव्हता. "न्यायला कवा येणार? तारीख सांगून जा."

डॉक्टरांना विचारून आले. "शुक्रवारी. सकाळी अकराच्या आत."

शुक्रवारी मी दहालाच पोहोचले, मुलीला घेऊन. आक्का पलंगावर बसल्या होत्या. केस विंचरलेले, हिरवं लुगडं, पिशवी मांडीवर. नर्स म्हणाली, सहापासून अशाच बसून आहेत. मी रिक्षात त्यांना हळूच बसवलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "रंकाळ्याला वळसा घालून चला."

"खुळी का काय?" आक्का म्हणाल्या. "घर सरळ हाय की."

"वाट लागायला पाहिजे, आक्का."

तळ्याकाठचं पहिलं वळण आलं तेव्हा रिक्षा जराशी उडाली. आक्कांनी पुढं वाकून रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "पावणं, जरा दमानं घ्या की," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी माणसं आल्यात मला न्यायला."